"आई, तू बस!"

परवा आमच्याकडे माझ्या चालण्यावरून बैठक बसली. निमित्त एवढंच की, गेल्या आठवड्यात उमरोळी स्टेशनकडून घरी येताना चप्पल अडकली, मी पडले आणि गुडघा खरचटला. लेकाने लगेच फर्मान काढलं, "आई, आता पुरे. भाजी मी येताना बोईसरहून आणत जाईन. तू आरामात बस." सूनबाईंनीही री ओढली. दोघांचा जीव आहे माझ्यावर, कळतं मला. पण हे 'बस' काही घशाखाली उतरेना. छत्तीस वर्षं वर्गात मीच "खाली बस" म्हणून मुलांना दटावलं, त्याची ही परतफेड असावी!

तर नातेवाईकहो (तुम्ही गुपचूप वाचता, ठाऊक आहे मला), माझी बाजू इथेच मांडते.

मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्यातलं साधारण १५ टक्के या एकट्याला लागतं. प्राणवायू तर २० टक्के. आणि साठवून ठेवायला कोठी म्हणावी तर नाही, सगळा हातावर पोट असलेला कारभार. काही आजार नसला तरी वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात आणि हा पुरवठा हळूहळू कमी होत जातो.

कॅनडातल्या कॅलगरीच्या संशोधकांनी २०६ निरोगी पण बैठ्या माणसांना सहा महिने व्यायाम करायला लावला. सरासरी वय ६६. मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग २.८ टक्क्यांनी वाढला, शब्द चटकन सुचण्यातही सुधारणा दिसली. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. "२.८ म्हणजे कितीसं ग?" इति चिरंजीव. अरे, जी गोष्ट या वयात उतरायची ती चढली, हे थोडं झालं का? तुलनेला व्यायाम न करणारा गट त्यात नव्हता, हे मात्र कबूल. पण २०११च्या एका अमेरिकन अभ्यासात दोन गट होते. १२० ज्येष्ठांपैकी निम्मे आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालले, बाकीच्यांनी नुसते अंग ताणायचे व्यायाम केले. वर्षभराने चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणशक्तीचा भाग, हिप्पोकॅम्पस, २ टक्क्यांनी वाढला होता. दुसऱ्या गटाचा घटला होता.

मला मात्र आकड्यांपेक्षा अण्णा कर्वे जवळचे. १८७५ साली परीक्षेसाठी कोकणातल्या मुरुडहून साताऱ्याला डोंगर तुडवत शंभराहून जास्त मैल गेले, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून परत पाठवले गेले! पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झालं की पुण्याबाहेर हिंगण्याच्या आश्रमात शिकवायला पायी जात. ७८व्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं, ८६व्या वर्षी समता संघ. गेले ते १०४व्या वर्षी. एका उदाहरणावरून सिद्धांत निघत नाही, हे गणिताचे प्राध्यापक म्हणून त्यांनीच आधी सांगितलं असतं. पण त्यांना कुणी "अण्णा, तुम्ही बसा" म्हटलं असतं तर ऐकलं असतं का, एवढंच मनात येतं.

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या हातून एकेक काम काढून घेणं म्हणजेच सेवा, असा समज आहे. आधी विहिरीवरचं पाणी जातं, मग बाजार, मग माळ्यावरचा डबा काढणं. शेवटी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात येतो. आणि मग तेच लोक म्हणतात, "हल्ली आजींच्या लक्षात राहत नाही."

हं, आमचंही चुकतं. देवळापर्यंत रमतगमत जायचं, कट्ट्यावर तासभर बसायचं आणि घरी येऊन "फिरून आले" म्हणायचं! दम थोडा लागला पाहिजे. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत चाल हवी. (बीपी, हृदयाचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.)

आणि पडण्याचं म्हणाल, तर दोष माझ्या पायांचा कमी, रस्त्याचा जास्त. खडी उखडलेली, कडेने चालावं तर अंगावरून ट्रक. माणसाला घरात बसवण्याऐवजी यावर कुणी बैठक घेत नाही ते!

असो. लेकाला सांगितलं, भाजी तू आणू नकोस, मला पट्टीचे बूट आणून दे. कुरकुरत का होईना, आणलेत. एक नंबर मोठे आहेत, पण मोजे घालून चालतील.