चल, पाहूं

घरीं वडिलांकडे रूपावलि घोकून मी मॅट्रिक झालों व पेण, रोहें येथें वर्षानुवर्षें शिकवीत राहिलों. कोंकणांतील नद्या उन्हाळ्यांत रोडावतात, असें एकदां सांगत असतां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, मग आपली कुंडलिका चैत्रांतहि कशी वाहते?" मीं त्यास दटावून बसविलें, पण रात्रीं झोंप येईना. रविवारीं त्यालाच घेऊन भिऱ्यास गेलों. घाटावर पूर्वेस वाहणाऱ्या मुळेचें पाणी मुळशीच्या धरणांत अडवून भिऱ्यास खालीं सोडतात. त्यावर १९२७ पासून वीज निर्माण होते, आणि तेंच पाणी पुढें कुंडलिकेंत उतरतें. त्या दिवसापासून मला प्रवासाचा छंद जडला. "मला ठाऊक नाहीं, चल, पाहूं," असें म्हणण्यास शिक्षकानें लाजूं नये, आणि वाचकहो, घरांतील आजोबांनींहि लाजूं नये.