नाकारलेल्या स्थळाची चौकशी

आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबांत चौकशीवाचून पान हलत नाही. मुलीला स्थळ सांगून आले, की मुलाचा पगार, त्याच्या वडिलांचे कर्ज, मामांचा स्वभाव आणि आजोळचा मधुमेह इथपर्यंत आमचा तपास जाऊन पोचतो. वरची खोली भाड्याने द्यावयाची असली, तर भाडेकरूच्या आधीच्या घरमालकास आम्ही गाठतो. पतपेढीत ठेव ठेवण्यापूर्वी तिच्या संचालकांविषयी चार ठिकाणी विचारतो. या सावधपणाबद्दल आमची थट्टा होते, ती होवो. संसार सावधपणानेच चालतो. परंतु ज्या माणसास आम्ही पाच वर्षांकरिता कायदे करण्याचा आणि आमच्या पैशाचा विनियोग ठरविण्याचा अधिकार देतो, त्याची निवड करताना ही चौकस बुद्धी कोठे जाते? ती नाहीशी होत नाही. ती भलत्याच दारी जाते, असे माझे म्हणणे आहे.

नोव्हेंबर २०२४मधील गोष्ट. विधानसभेचे मतदान २० तारखेस व्हावयाचे होते. त्यापूर्वीच्या रविवारी मी खुलताबादेस एका जुन्या स्नेह्यांकडे गेलो होतो. भद्रा मारुतीचे दर्शन घेऊन परतलो, तो ओसरीवर बैठक भरलेली. निवृत्त मुख्याध्यापक, एक वकील, एक औषधविक्रेते आणि दोन तरुण प्राध्यापक, अशी ती विद्वत्सभा होती. खुलताबाद हे गंगापूर विधानसभा मतदारसंघात मोडते. तेथील मुख्य सामना २००९पासून विधानसभेत निवडून येत असलेले प्रशांत बंब आणि पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर गेलेले सतीश चव्हाण यांच्यात होता. म्हणजे दोघेही विधिमंडळात वर्षानुवर्षे बसलेले. दोघांच्या प्रश्नांची व भाषणांची नोंद सरकारी दप्तरी लेखी असलेली. दोघांची शपथपत्रे निवडणूक आयोगाने सर्वांकरिता खुली केलेली. चौकशी करणाऱ्यास याहून सोयीचे स्थळ कोणते मिळावे?

बैठकीत काही मंडळी एका बाजूची, काही दुसऱ्या. प्रत्येकाजवळ प्रतिपक्षाच्या उमेदवाराविषयी सांगण्यासारखे पुष्कळ होते, आणि ते सारे भ्रमणध्वनीवर आयते आलेले होते. मी सहज विचारले, “आपण ज्याला मत देणार, त्याचे शपथपत्र कोणी वाचले आहे काय?” कोणीच वाचले नव्हते. विचारणाऱ्यानेही आपल्या मतदारसंघातील आपल्या पसंतीच्या उमेदवाराचे वाचले नव्हते, हे येथेच कबूल करतो. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या, “भावोजी, तुमचं सगळ्यांचं उलटंच आहे. जे स्थळ नाकारलं त्याची चौकशी करीत बसलाय. आणि जिथं मुलगी द्यायची तिथलं काहीच विचारलेलं नाही!” बैठक हसली. मला मात्र हसता आले नाही. कारण राज्यशास्त्राचे ग्रंथ चाळून मला जे सुचले नव्हते, ते त्या माउलीने एका वाक्यात सांगितले होते.

प्रतिपक्ष्याचा इतिहास शोधणे हे मुळातच निंद्य कर्म आहे, असे मी म्हणत नाही. आमच्यातील काही सोवळ्या मंडळींस तसे वाटते. ते मला मान्य नाही. लोकशाहीत प्रतिपक्ष्यासारखा फुकट मिळणारा जागरूक पहारेकरी दुसरा नाही. १९८७ साली मुंबईत विलेपार्ल्याची पोटनिवडणूक झाली. तीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले व प्रभाकर कुंटे पडले. पडलेल्या कुंट्यांनी त्या प्रचारातील भाषणे न्यायालयापुढे मांडली. धर्माच्या नावावर मते मागितल्याचे सिद्ध होऊन मुंबई उच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली, आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. प्रतिपक्ष्याने कागद जपून ठेवले नसते, तर हा निवाडा झालाच नसता. तेव्हा शोध घेणाऱ्यास दोष नाही. दोष आहे तो त्याने आणलेला अर्धा कागद पूर्ण समजून डोक्यावर घेणाऱ्या आमचा.

कारण प्रतिपक्ष्याचा संशोधक हा एका पक्षकाराचा वकील असतो, न्यायाधीश नव्हे. आपल्या बाजूस सोयीचे तेवढे तो सांगणार. उरलेले शोधणे हे ऐकणाऱ्याचे काम. आमच्या मराठवाड्यातीलच उदाहरण घ्या. २००९ साली भोकर मतदारसंघातून अशोक चव्हाण निवडून आले. त्यांचे पराभूत प्रतिस्पर्धी माधवराव किन्हाळकर यांनी तक्रार केली, की वृत्तपत्रांत बातमीच्या रूपाने आलेली स्तुती ही वस्तुतः जाहिरात असून तिचा खर्च हिशेबात दाखविलेला नाही. हिशेब तपासण्याचा निवडणूक आयोगास अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४मध्ये ठरविले. त्यानंतर आयोगाचा निर्णय चव्हाणांच्या विरुद्ध गेला. एका बाजूचे लोक गोष्ट येथे संपवितात. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. दुसऱ्या बाजूचे लोक तेवढेच सांगतात, आणि मूळ तक्रार गिळून टाकतात. नागपूरचे प्रकरणही असेच. देवेंद्र फडणवीस यांनी २०१४च्या शपथपत्रात दोन जुनी फौजदारी प्रकरणे नमूद केली नाहीत, या तक्रारीवर खटला चालला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी म्हटले; आणि सप्टेंबर २०२३मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांस निर्दोष सोडले. दोन्ही प्रकरणांत दोन्ही अर्धे खरे आहेत. तथापि ही दोन्ही प्रकरणे अथपासून इतिपर्यंत सांगणारा गृहस्थ मला आजवर कोणत्याही बैठकीत भेटलेला नाही.

हे दुसऱ्यांस सांगण्याचा अधिकार मला आहे, तो माझ्या स्वतःच्या अपराधामुळे. पूर्वीच्या एका निवडणुकीत, आमच्या मूळ गावच्या मतदारसंघातील एका उमेदवारावरील फौजदारी खटल्याचा कागद माझ्या भ्रमणध्वनीवर आला. कागद अस्सल होता. तो उमेदवार मला नापसंत होता. मी तो कागद तीस-चाळीस परिचितांस पाठविला, आणि प्राध्यापकाने पाठविला म्हणून त्यांनी तो खरा मानून पुढे पाठविला. मतदान झाल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता वकिली करतो, नम्रपणे कळविले, “सर, कागद खरा आहे, पण त्या खटल्यातून ते चार वर्षांपूर्वीच निर्दोष सुटले आहेत.” मी त्याच तीस-चाळीस जणांस खुलासा पाठविला. दोघांचे उत्तर आले. तो उमेदवार पडला. माझ्यामुळे पडला असे समजण्याइतका मी मोठा नाही. परंतु एका निरपराध माणसाच्या लौकिकावर टाकलेल्या चिखलात माझीही एक ओंजळ होती, हे मला विसरता येत नाही. मी खोटे बोललो नव्हतो. मी फक्त पुढचे पान उलटले नव्हते. उमेदवाराच्या खासगी चारित्र्याविषयी जाणूनबुजून असत्य प्रसिद्ध करणे हे १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) प्रमाणे भ्रष्ट आचरण ठरू शकते. पण अर्धवट सत्य पसरविणाऱ्या सुशिक्षित गृहस्थास पकडणारे कलम कोणत्याही कायद्यात नाही. ते ज्याचे त्याने स्वतःस लावावयाचे असते.

आता प्रश्न असा, की पुरती चौकशी करावयाची तर साधने आहेत काय? आहेत, आणि ती आम्हांस फुकट मिळालेली नाहीत. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की उमेदवाराविषयी जाणण्याचा मतदारास हक्क आहे. राजकारणी मंडळींनी लगेच कायदा बदलून तो हक्क पातळ करण्याचा यत्न केला. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने तो यत्न मोडून काढला. म्हणून आज प्रत्येक उमेदवारास नमुना २६ मध्ये शपथेवर लिहून द्यावे लागते : खटले कोणते, स्वतःची, पत्नीची वा पतीची व अवलंबितांची मालमत्ता किती, कर्जे किती, सरकारी देणी थकली आहेत काय, शिक्षण काय, उत्पन्नाचे मार्ग कोणते. रकाने कोरे ठेवता येत नाहीत, हे २०१३मध्ये ठरले. खटले असलेल्यांनी ते वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावेत, हे २०१८मध्ये ठरले. अशा उमेदवारास तिकीट का दिले याची कारणे पक्षाने जाहीर करावीत, आणि ‘निवडून येण्याची शक्यता’ हे एकटे कारण पुरेसे समजले जाणार नाही, हे फेब्रुवारी २०२०मध्ये ठरले. इतकी मेजवानी वाढून ठेवली आहे, आणि आम्ही शेजाऱ्याच्या उष्ट्यावर हात मारीत बसलो आहो.

एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. शपथपत्रातील मजकूर खरा की खोटा, याचा तपास निवडणूक निर्णय अधिकारी करीत नाही. कागद रीतसर आहे की नाही एवढेच तो पाहतो. खरेखोटे करण्याचे काम मतदारावरच सोडलेले आहे. कोणाही मतदारास त्याविरुद्ध प्रतिशपथपत्र देता येते; निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते; जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यास कलम १२५-अ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे झाले कज्जेदलालीचे. घरगुती चौकशीस एवढेही नको. एकाच उमेदवाराची २०१९ व २०२४ची शपथपत्रे शेजारी ठेवून वाचावी. संपत्ती वाढली म्हणून माणूस चोर ठरत नाही. जमिनीचे भावही वाढतात. पण वाढ कशाने झाली हा प्रश्न सभेत उभे राहून विचारता येतो, आणि तो आपल्याच उमेदवारास विचारला, तर त्याला उत्तर द्यावे लागते. प्रतिपक्षीयाने विचारले तर ‘विरोधकांचे कारस्थान’ म्हणून तो सुटतो. स्वकीयाने विचारले तर त्याला पळवाट नाही.

यावर कोणी म्हणेल, “सगळेच सारखे, दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मत द्यावयाचे.” ठीक आहे. पण वीट मऊ आहे हे कळण्यास दोहोंस हात लावून पाहावा लागतो. आम्ही फक्त दगडास हात लावून येतो. दुसरा कोणी म्हणेल, “उमेदवार शपथपत्रात खरे थोडेच लिहिणार?” न लिहो. तोंडी थाप हवेत विरते. शपथेवरची थाप कागदावर राहते आणि पाच वर्षांनीही पकडता येते. तिसरा म्हणेल, “आम्ही मूठभर माणसे वाचून काय करणार? मते जातीवर पडतात.” हे म्हणणारे बहुधा स्वतःच जातीवर मत देऊन आलेले असतात. गंगापूरचा २०२४चा निकाल पाच हजारांच्या आसपासच्या मतांनी लागला. एका मतदारसंघात इतकी तरी सुशिक्षित कुटुंबे नसतील काय? कोणाच्याही बाजूने मी हे लिहीत नाही. मूठभरांच्या मुठीत काय असते, एवढेच दाखवितो.

खुलताबादेस जाणाऱ्या माणसास हा विचार विशेष बोचतो. या गावात औरंगजेब निजला आहे, मलिक अंबर निजला आहे, पहिला निजाम निजला आहे. १७०७ साली मेलेल्या बादशहाची कबर ठेवावी की काढावी, यावरून मार्च २०२५मध्ये महाराष्ट्र पेटला आणि नागपुरात दंगल झाली. त्या दिवसांत शाळकरी पोरेही इतिहाससंशोधक झाली होती! मेलेल्या राजांची छाननी अवश्य व्हावी. ती इतिहासाच्या अभ्यासकांचे कामच आहे. परंतु औरंगजेबाने कोणतेही शपथपत्र भरलेले नाही, आणि तो आमची मते मागावयास येणार नाही. जे येतात, त्यांची परीक्षा ते या मृतांविषयी काय बोलतात यावरून होऊ लागली, म्हणजे जिवंतांस मोठेच अभय मिळते. आपल्या हिशेबाची वही झाकावयास थडग्यासारखा भक्कम आडोसा दुसरा नाही.

निजामाच्या राज्यात आमच्या आजोबांस राज्यकर्ता निवडण्याचा हक्क नव्हता. सप्टेंबर १९४८मध्ये ते राज्य संपले, आणि १९५२ साली या भागातील सामान्य स्त्रीपुरुषांनी हैदराबाद विधानसभेकरिता पहिल्याने प्रौढ मतदान केले. त्या पिढीतील अनेकांस अक्षरओळख नव्हती. उमेदवाराचा कागद वाचावयाचा म्हटले तरी त्यांस तो वाचता आला नसता, आणि असा कागद मागण्याचा हक्कही त्यांस नव्हता. आम्हांस दोन्ही आहेत. २०२४मध्ये अर्ज भरण्याची मुदत २९ ऑक्टोबरला संपली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. मध्ये बावीस संध्याकाळी होत्या. त्यांतील एक संध्याकाळ आपल्या पसंतीच्या उमेदवाराच्या शपथपत्रास द्यावी, ते घरातील सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावे, आणि जेथे शंका येईल तेथे पेन्सिलीने खूण करून ती सभेत त्यालाच विचारावी, एवढीच माझी मागणी आहे. वहिनींनी त्या बैठकीनंतर आपल्या यजमानांकडून दोन्ही उमेदवारांची शपथपत्रे छापून आणविली व जेवणानंतर वाचून घेतली, असे मागाहून कळले. त्यांनी मत कोणास दिले हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.