पर्ज करायचं तर उघड्यावर करा

ड्रॅग रेसच्या गाडीला इंजिनाची ताकद वाढवणाऱ्या नायट्रसची बाटली लावण्यात काही गैर नाही. बाटली लावायची, ती नाहीच असं शपथेवर सांगायचं आणि त्या बोलीवर समोरच्याकडून पैसे लावून घ्यायचे, ही मात्र उघडउघड चोरी आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, कॅरोलायना-जॉर्जियाच्या पट्ट्यात, ग्रज रेस म्हणजे पैजेच्या शर्यती चालतात. तिथे ही चोरी अक्कलहुशारी म्हणून मिरवली जाताना बघितली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सिनेमातून नायट्रस ओळखणाऱ्यांना पर्जचा पांढरा लोट म्हणजे नुसता दिखाऊपणा वाटतो. तसं नाही. डिकीतल्या बाटलीत नायट्रस ऑक्साइड द्रवरूपात असतं. हीटरने बाटली 30 अंशांच्या आसपास ठेवली की दाब 900 ते 1000 पीएसआय होतो. आपल्या साध्या गाडीच्या टायरमध्ये हाच दाब 32-33 असतो. बाटलीपासून इंजिनापर्यंत स्टीलची जाळी चढवलेली नळी जाते आणि त्या नळीत आधी हवा आणि पातळ वायूच भरलेला असतो. तसंच बटण दाबलं तर इंजिनाला पेट्रोल पूर्ण मिळतं, नायट्रस मात्र अर्धवट. गाडी गुदमरते. अष्टमांश मैलाच्या शर्यतीत तेवढ्यात खेळ संपतो. म्हणून सुरुवातीच्या रेषेवर चालक पर्जचा सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणारी झडप उघडतो, नळीतला वायू बाहेर काढतो आणि द्रव थेट इंजिनाच्या दाराशी आणून ठेवतो. उणे 88 अंशांना उकळणारा हा पदार्थ बाहेर पडताच हवेतलं बाष्प गोठतं आणि बॉनेटजवळून पांढरा फवारा उडतो. गाडीत बाटली आहे, हे त्या क्षणी मैदानावरच्या प्रत्येकाला कळतं.

नेमकं तेच कळू नये म्हणून या लोकांचे उद्योग चालतात. कुणी पर्जची नळी गिअरबॉक्सच्या बाजूने पोटाखाली नेतो आणि बर्नआउटच्या, म्हणजे टायर तापवायला चाकं जागीच फिरवण्याच्या, धुरात बटण दाबतो. कुणी ट्रेलरमागेच पर्ज करून येतो. पण रांगेत उभं असताना इंजिनाच्या उष्णतेने नळी तापते, द्रव पुन्हा उकळतो आणि केलेलं सगळं वाया जातं. सगळ्यात घातक अक्कल म्हणजे पर्ज इंजिनात हवा नेणाऱ्या इंटेकमध्येच सोडणं. नायट्रस स्वतः जळत नाही, पण साधारण 300 अंशांना ते फुटतं आणि ऑक्सिजन मोकळा करतं. मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल साचलेलं असताना त्यात नायट्रस भरलं आणि इंजिनाने एक ठिणगी उलटी फेकली, तर मॅनिफोल्ड फाटून तुकडे उडतात. हे यांना माहीत नाही असं नाही. माहीत असून करतात.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट. गाडी बर्नआउट करून मागे आली. चालकाला रेषेवर सरळ लावायला मागच्या चाकाशी एक पोरगा उकिडवा बसला होता, मिसरूड नुकतं फुटलेला. पर्जची नळी बरोबर त्या चाकाच्या पुढ्यात सोडलेली आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पैज 'फक्त मोटर'वर लागलेली, त्यामुळे स्वतःच्या माणसांनाही पत्ता नव्हता. सोलेनॉइड टक् वाजला, टायरच्या धुरात फवारा मिसळून गेला आणि पोराच्या मनगटावर आदळला. कातडी पांढरीफटक झाली, ताठरली, मग तिथे टरारून फोड आले. पोरगा ओरडला तेव्हा मालक काय म्हणाला? "गप बस, ते ऐकतील."

त्या माणसाची गाडी जिंकली. पैसे खिशात घालून तो गेला.

यांचं ठरलेलं उत्तर असतं : ग्रज रेसमध्ये लपवाछपवी चालतेच, तीच तर मजा. मला हे मान्य नाही. वेळेचा फलक बंद ठेवतात तेव्हा दोघांच्या संमतीने ठेवतात. बॉनेट बंद ठेवा, नायट्रस मोजून सोडणारा जेट कुठला घातलाय ते सांगू नका, इग्निशन किती अंश मागे घेतलंय ते बायकोलाही सांगू नका. ते तुमच्या कष्टाचं आहे. पण समोरच्याने "बाटली नाही ना?" असं तोंडावर विचारलं, तुम्ही मान हलवलीत आणि त्याने महिन्याचा पगार लावला, तर तुम्ही त्याला लुबाडलंत. नासकारसारख्या बड्या संस्थेतही असे प्रकार झाले आहेत. 1976 साली डेटोना 500 च्या पात्रता फेरीत ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉलट्रिप या दिग्गजांच्या वेळा नायट्रसच्या कारणावरून रद्द झाल्या. तिथे निदान तपासायला कुणीतरी होतं. इथे वाली कोण?

आणि ट्रॅकचे मालक हात वर करून मोकळे होतात. एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या अमेरिकी संस्थेचा नियम सरळ आहे : बाटली पक्की बसवलेली हवी, अमेरिकी परिवहन खात्याचा डीओटी-1800चा शिक्का हवा, आणि ती चालकाच्या कक्षात असेल तर तिच्या सेफ्टी व्हॉल्व्हची वाट कक्षाबाहेर निघायला हवी. कारण हा वायू हवेपेक्षा दीडपट जड आहे, बंद जागेत खाली साचतो आणि ऑक्सिजन हुसकावून लावतो. दाताचा डॉक्टर हाच वायू देतो, पण ऑक्सिजन मिसळून आणि रोग्यावर नजर ठेवून. गाडीत नजर ठेवायला कोण आहे? पैजेच्या रात्री मात्र गेटवर तिकिटाचे पैसे मोजले जातात, डिकी कुणी उघडत नाही.

माझी मागणी मोठी नाही. पैशाला हात लावण्याआधी दोन्ही गाड्यांच्या डिक्या उघडा. टॉर्च घेऊन पर्जची नळी शेवटपर्यंत बघा. तिचं तोंड बॉनेटच्या वर, माणसांपासून दूर आणि सगळ्यांना दिसेल असं हवं. पोटाखाली, इंटेकमध्ये किंवा कक्षात उघडणारी नळी सापडली तर गाडी रेषेवर येऊ देऊ नका आणि समोरच्याची पैज त्याला तिथल्या तिथे परत करा. आणि चाकाशी बसणाऱ्या पोराला, तो कुठल्याही गटाचा असो, गाडीत बाटली आहे की नाही हे आधी सांगा.