एक्सप्लेनर : कॅरिबियन क्रूझवर संध्याकाळ कोणत्या बेटावर मिळते?

कॅरिबियन क्रूझ निवडताना बेटांची नावे पाहिली जातात, जहाज सुटण्याची वेळ नाही. बहुतेक जहाजे सकाळी बंदराला लागतात आणि दुपारी ४ ते ६च्या दरम्यान निघतात. त्यामुळे पैसे भरूनही बेटावरची संध्याकाळ हुकते.

असे का?
पुढचे बेट रात्रीत गाठायचे असते. शिवाय बंदरात असताना जहाजावरील कॅसिनो आणि ड्युटी फ्री दुकाने सहसा बंद असतात. जहाज समुद्रात गेले की कंपनीची ही कमाई सुरू होते.

पर्याय कोणते?
• सॅन हुआन, प्युर्टो रिको : अनेक जहाजे रात्रीपर्यंत थांबतात. जुने शहर धक्क्यापासून चालत जाण्याइतके जवळ. हा अमेरिकेचा प्रदेश असल्याने भारतीयांना अमेरिकी व्हिसा लागतो.
• अरूबा, कुरासाओ : दक्षिण कॅरिबियनच्या काही सफरींत रात्री उशिरापर्यंत मुक्काम. कुरासाओच्या विलेमस्टाडमधील १८८८चा तरंगता पूल रात्री दिव्यांनी उजळतो.
• बार्बाडोस : ऑइस्टिन्सला शुक्रवारी रात्री मासळीच्या मेजवानीची गर्दी. जहाज ५ला सुटणार असेल, तर उपयोग नाही.

बुकिंगपूर्वी काय तपासाल?
प्रत्येक बंदरातून निघण्याची वेळ. जहाजावर परतण्याची मुदत त्याआधी साधारण अर्धा तास असते. जहाजाचे आणि बेटाचे घड्याळ वेगळे असू शकते. स्वतंत्रपणे फिरणाऱ्याला उशीर झाला, तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च सहसा त्याचाच.