संतूर-बासरीची सावड



आपल्या संभाजीनगरला बीबी-का-मकबऱ्यामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. सातव्या लेण्यात एक नर्तकी कोरली आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना साथ करणाऱ्या वादक स्त्रिया. मकबरा पाहून बहुतेक माणसे माघारी फिरतात. तुम्ही मात्र वर चढा. चारजणींनी मिळून वाजवायची रीत आपल्याकडे किती जुनी आहे, ते दगडातच दिसेल.

आज सांगायचे आहे ते मुंबईत नांदलेल्या अशाच एका सावडीचे. संतूरवादक पंडित शिवकुमार शर्मा आणि बासरीवादक पंडित हरिप्रसाद चौरसिया. दोघांचा जन्म १९३८चा, एक जम्मूचा, दुसरा अलाहाबादचा. हरिप्रसादांचे वडील पहिलवान. मुलाने आखाडा गाजवावा ही त्यांची इच्छा, आणि हा चोरून बासरी शिकणारा! पुढे १९५७ साली कटकच्या आकाशवाणीत नोकरी लागली, मग मुंबई. नाव झाल्यावरही अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले, आणि पाटी कोरी करून शिकायची म्हणून बासरीची बाजूच बदलली. उजवीकडची डावीकडे! वर्षानुवर्षे उजव्या हाताने चालवलेला विळा डाव्या हातात घेऊन पाहा, म्हणजे कळेल.

शिवकुमारांचे दुखणे वेगळे. संतूर हे काश्मीरचे वाद्य, लाकडी कलमांनी तारांवर आघात करून वाजवायचे. सूर तुटक येतो, मींड निघत नाही, यावर राग कसला वाजणार, असे जाणकार म्हणत. त्यांनी तारांची मांडणी बदलली, घोडीवरचे वाद्य मांडीवर घेतले आणि वर्षानुवर्षे टीका सोसली.

१९६७ साली एचएमव्हीचे गो. ना. जोशी, म्हणजे आपले जुने भावगीत गायक, यांनी एक तबकडी काढली. नाव इंग्रजी, ‘कॉल ऑफ द व्हॅली’. विषय मात्र तुमच्या-आमच्या ओळखीचा: काश्मीरच्या दरीतल्या मेंढपाळाचा एक दिवस. सकाळ अहिरभैरवात, शेवट पहाडीत. संतूर, बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार. होय, विलायती गिटार! ती त्यांनी मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवून रागदारीत आणली. तबल्याला माणिकराव पोपटकर. ही तबकडी देशाबाहेरही ऐकली गेली.

या जोडीचे जमले का? संतूरचा सूर टिपूर चांदण्यासारखा, पण विरून जाणारा. बासरीचा सूर श्वास पुरेल तोवर लांबतो. एकाचे उणे दुसऱ्याने भरायचे. त्यासाठी आपली पाळी नसताना गप्प बसावे लागते, आणि मोठ्या कलावंताला तेच जड जाते. बांधावरून भांडणाऱ्या भावांना वेगळे सांगायला नको.

पुढे ‘शिव-हरी’ या नावाने चित्रपटांना संगीत दिले. ‘सिलसिला’ (१९८१), ‘चाँदनी’ (१९८९), ‘लम्हे’ (१९९१) ही गाणी तुमच्या घरीही रेडिओवर वाजली असतील. पण ‘डर’पर्यंत (१९९३) चित्रपट एकूण आठच. मागणी असूनही दोघांनी मैफल सोडली नाही, आणि मैफलीही बहुतेक आपापल्या स्वतंत्र. सावड म्हणजे काही सातबारा एक करणे नव्हे.

१० मे २०२२ रोजी शिवकुमार मुंबईत गेले, वय ८४. पुढच्याच आठवड्यात भोपाळला त्यांचे वादन ठरलेले होते.