मान्यता हनुवटीखाली, सुई डोळ्याखाली

संपादक महोदय,

डोळ्यांखालच्या पिशव्यांवर चरबी विरघळवणारे इंजेक्शन ‘मान्यताप्राप्त’ असल्याचे आपल्या लेखात म्हटले आहे. ते चूक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०१५ मध्ये अशा इंजेक्शनातील डीऑक्सिकोलिक आम्लाला मान्यता दिली, ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. हे आम्ल चरबी निवडून काढत नाही. पेशींची आवरणेच फोडते. डोळ्याखालची चरबी पातळ पडद्यामागे, नेत्रगोलाला लागून असते. तिथे सूज चढली तर दृष्टीवर बेतू शकते.

लेखात ब्राझीलचा दाखलाही अर्धाच दिलात. फॉस्फॅटिडिलकोलिन हे चरबी विरघळवण्यासाठीचे दुसरे द्रव्य तिथे पापणीखाली टोचले गेले खरे, पण २००३ मध्ये त्याच देशाने त्याच्या सौंदर्योपचारातील वापरावर बंदी घातली.

‘शस्त्रक्रियेपेक्षा स्वस्त’ हा लेखातील मुद्दाही डोळ्याच्या बाबतीत गैरलागू आहे. दुरुस्ती ठळकपणे छापावी.

— एक वाचक, धायरी, पुणे