हौदातील समुद्र

चेन्नईच्या दक्षिणेस कोवलम हे मच्छीमारांचे जुने गाव आहे. तेथून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या पूर्व किनारी मार्गाच्या परिसरात ‘डॉल्फिन सिटी’ नावाचे मनोरंजन उद्यान उभारण्यात आले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस परदेशातून चार डॉल्फिन तेथे आणण्यात आले. सहा महिन्यांच्या आत चारही मरण पावले. समोर अथांग बंगालचा उपसागर आणि त्याच्याच काठावर हौदात मरणारे समुद्राचे प्राणी! ही केवळ व्यवस्थापनातील त्रुटी होती काय?

नव्हे. डॉल्फिन ध्वनी सोडतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट व भक्ष्य ओळखतो. तो कळपात राहतो आणि समुद्रात लांबवर संचार करतो. चार भिंतींत हे सारे हिरावले जाते. कसरत केल्यावर मिळणारा मेलेला मासा हीच त्याची मजुरी ठरते. मुलांना यातून ज्ञान मिळते, असे समर्थन केले जाते. वास्तविक अशा खेळातून मुले एवढेच शिकतात की, तिकीट काढणाऱ्यास दुसऱ्या जिवाची गुलामी विकत घेता येते.

कोवलमजवळच्या या अनुभवानंतरही नफ्याचा मोह सुटला नाही. कोची, नोएडा आणि आपल्या महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग येथे असेच प्रकल्प पुढे आले. अखेर १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून डॉल्फिनगृहांना परवानगी नाकारली. या प्राण्यांकडे ‘मानवेतर व्यक्ती’ म्हणून पाहावे आणि त्यांना त्यांचे हक्क असावेत, हा विचारही त्यात नमूद झाला. ही भूमिका स्वागतार्ह आहे.

तथापि परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. जे एका आदेशाने दिले, ते दुसऱ्या आदेशाने काढून घेता येते. म्हणून ही बंदी संसदेने कायद्यात स्पष्ट शब्दांत नोंदविली पाहिजे.

रोजगाराचा प्रश्न खरा आहे; तो टाळून चालणार नाही. परंतु मालवणच्या किनाऱ्यावर डॉल्फिन आजही मोकळ्या समुद्रात दिसतात आणि ते दाखविणाऱ्या होड्यांवर स्थानिकांची चूल पेटते. हौदातील खेळाचा नफा मात्र भांडवल गुंतविणाऱ्याच्या तिजोरीत जातो. होड्यांनीही कळपाचा पाठलाग करू नये, यासाठी नियम हवेत आणि ते मच्छीमारांना सोबत घेऊनच ठरविले पाहिजेत. समुद्रावर पोट असणाऱ्यांचा आणि समुद्रात राहणाऱ्यांचा हितसंबंध येथे एकच आहे: समुद्र कोणाच्याही खाजगी मालकीचा होता कामा नये.